जुन्या वृंदावनातलं हिसॉप

गोजराबाईंकडे त्या साली डांगराच्या पाचच बिया उरल्या होत्या. डांगर म्हणजे लाल भोपळा, आमच्या नाशिककडे त्याला डांगरच म्हणतात. बाजारात बियांचं पाकीट कुठेही मिळतं, त्यात विशेष काही नाही. पण या बिया बाजारातल्या नव्हत्या. गोजराबाईंचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या आईने नांदगाव तालुक्यातल्या आपल्या मळ्यातल्या मूठभर बिया त्यांच्या ओटीत घातल्या होत्या. तेव्हापासून दर काही वर्षांनी वेल लावून त्या त्याच डांगराचं बी नव्याने धरत आल्या होत्या. आई जाऊन आता तीस वर्षं झाली. माहेरी भावांनी केव्हाच दुकानचं बियाणं धरलं. म्हणजे गोजराबाईंच्या माहितीप्रमाणे ते डांगर जगात आता एकाच ठिकाणी होतं, त्यांच्या देवघराखालच्या कप्प्यात, दंतमंजनाच्या डब्यात, राखेत.

"यंदा फळ धरलं नाय तर संपलं," त्या मला म्हणाल्या. आवाजात दुःख वगैरे नव्हतं. दूध संपलं सांगावं तसं सांगितलं. "संपायचं काय, सगळंच संपतं. पण आईनं संपवलं नाय, आजीनं संपवलं नाय, आन् माझ्या हातनं संपलं असं व्हायला नको."

मी त्यांच्या समोरच्या घरात राहते. मखमलाबादच्या शिवारात आमची चौदा रो-हाऊसची गल्ली आहे. ही सगळी जमीन पूर्वी गोजराबाईंच्या सासरची. ते लोक फुलं आणि भाजीपाला करायचे. मी राहायला आले त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं की तुझं स्वयंपाकघर आहे तिथे आमचा गुलछडीचा वाफा होता. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. जमीन विकताना त्यांनी कोपऱ्याचा प्लॉट ठेवला आणि त्यावर घर बांधलं. घराच्या मागे दीड गुंठा मोकळा सोडला. मुलगा राज अंबडला कारखान्यात आहे, तो नोकरीच्या जवळ फ्लॅट घेऊन राहतो. इथे गोजराबाई आणि त्यांचे मालक सावळीरामबाबा, दोघंच.

चाळीस वर्षं या बाईंनी पहाटे उठून फुलबाजारात टोपली नेली. फूल हातात घेतलं की ते आज खुडलंय की काल, हे त्या न बघता सांगतात. देवाला मात्र स्वतः रोज एकच फूल वाहतात. मी एकदा विचारलं, मावशी, एकच का? तर म्हणाल्या, "बाकीची लोकांनी वाहिली की. आम्हीच दिली ना ती."

तर डांगराचं असं झालं होतं की आदल्या वर्षी त्यांनी चार बिया लावल्या. वेल मागच्या पत्र्याच्या शेडवर चढले, पानं ताटाएवढी झाली, फुलं ढीगभर आली. मादी फुलाच्या बुडाशी लहानसं फळ आधीपासूनच असतं, लिंबाएवढं. नर फुलातली पिवळी भुकटी त्याच्यापर्यंत पोचली तर ते वाढतं, नाहीतर पिवळं पडून गळतं. ते काम मधमाशीचं. आणि माश्याच नव्हत्या. एकूण एक फळ गळालं.

माश्या का नव्हत्या, तेही सांगायला हवं. गल्लीच्या पाण्याच्या टाकीखाली मोहोळ होतं. एका मुलीला माशी चावली, ओठ सुजला. गल्लीची बैठक बसली, मोहोळ काढायचं ठरलं, धूर करणारा माणूस आला आणि तासाभरात सगळं झालं. त्या बैठकीत गोजराबाई सोडून सगळ्यांनी हात वर केले होते. माझाही हात वर होता.

माणसाला हाताने हे काम करता येतं. नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलात फिरवायचं. गोजराबाईंचे गुडघे शिडी चढू देत नाहीत, म्हणून आदल्या वर्षी त्यांनी सावळीरामबाबांना चढवलं होतं. बाबा आठ दिवस रोज उजाडताच शेडवर जाऊन आले. आठव्या दिवशी गोजराबाईंनी खालून विचारलं, "बुडाशी गोळा असलेल्या फुलातच फिरवताय ना?"

"कसला गोळा?" बाबा म्हणाले.

आठ दिवस ते नराची नराशी गाठ घालून देत होते. उमेदीत फुलंच विकलेला माणूस, पण विकायचा म्हणजे गुलाब आणि झेंडू. भाजीचा वाफा सगळा बाईंकडे होता. संध्याकाळी भाकरी वाढताना गोजराबाई फक्त म्हणाल्या, "बरं झालं तुम्हाला पोरींची लग्नं जमवायला कोणी बोलावलं नाय."

त्यांची नात सायली शेतकी कॉलेजात शिकते. ती दिवाळीला आली तेव्हा तिने हे ऐकलं. जाऊन पुढच्या आठवड्यात पोस्टाने एक पाकीट पाठवलं. पाकिटावर निळ्या फुलांच्या तुऱ्यांचं चित्र होतं आणि इंग्रजीत नाव होतं. मी वाचून दाखवलं, हिसॉप. सायलीने फोनवर सांगितलं, "आजी, हे थंड मुलखातलं झाड आहे. तुळस, पुदिना यांच्याच कुळातलं. याला तुरे आले की मधमाश्या लांबून येतात. त्या आल्या की तुझ्या डांगरावरही जातील. फक्त याला पाणी फार चालत नाही. मुळं कुजतात. कोरडं ठेव."

"पाणी नको म्हणणारं झाड," गोजराबाई म्हणाल्या. "सोपं काम हाय."

पेरायचं कुठे, तर उंच, उन्हातली, पाणी न साठणारी जागा हवी. त्यांच्या अंगणात एक जुनं सिमेंटचं वृंदावन होतं. राजने दोन वर्षांपूर्वी फरशीचं नवं वृंदावन आणून दाराशी बसवलं, तुळस तिकडे गेली आणि हे जुनं फाटकाजवळ रिकामं पडलं होतं. त्याला एका बाजूने तडा होता, त्यामुळे पाणी आपोआप निथळायचं. गोजराबाईंनी त्यात वाळू आणि माती निम्मी निम्मी भरली आणि हिसॉप पेरलं.

मी म्हटलं, "मावशी, वृंदावनात दुसरं झाड?"

"रिकामं होतं," त्या म्हणाल्या. "भोक बी हाय त्याला."

पुढे जे झालं ते सगळं या एका गोष्टीमुळे झालं. तेव्हा ते त्यांच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही.

थंडीत पाच रोपं तगली. बारीक पानं, हातावर चोळली तर थोडा कापराचा, थोडा पुदिन्याचा वास. माघात त्यांनी शेडच्या बाजूला डांगराच्या पाचही बिया लावल्या. मागे एकही ठेवली नाही. मी म्हटलं, एखादी राहू द्या. त्या म्हणाल्या, "जुनी झालीय. पुढच्या साली उगवायची बी नाय. आता काय ते आताच." पाचांतल्या दोन उगवल्या. दोनांतला एक वेल गोगलगाईंनी खाल्ला. उरलेला एक शेडवर चढला.

गुढीपाडव्याच्या सुमाराला हिसॉपला तुरे आले. खरोखर निळे, चित्रातल्यासारखे. तिसऱ्या दिवशी माश्या आल्या, बारक्या, सातेरी जातीच्या. सावळीरामबाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले आणि बायकोला आत बातमी देऊ लागले.

"सहा आल्या."

"कालच्याच असतील."

"मग आता नावं विचारू का त्यांना?"

डांगराच्या वेलावर नर फुलं आधी येतात. ती आली होती. मादी कळ्या दिसू लागल्या होत्या, अजून आठ-दहा दिवसांनी उमलणार होत्या. तेवढे दिवस हिसॉपने माश्यांना धरून ठेवायचं, एवढाच हिशोब होता.

आणि मध्ये चैत्रगौरीचं हळदीकुंकू आलं.

गोजराबाईंकडे दरवर्षी असतं. गौर पाळण्यात बसवतात, कैरी घातलेली डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं रीतसर. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला ते वृंदावन. योगिनी, म्हणजे आमच्या गल्लीतल्या शेवटच्या घरातली सून, तिथेच थांबली. मुलगी सरळ आहे, श्रद्धाळू आहे, उपास फार करते.

"अगंबाई, ही कुठली तुळस? निळ्या मंजिऱ्या."

"ती तुळस नाय," गोजराबाई आतून म्हणाल्या. "हिसॉप हाय ते. सायलीनं धाडलंय. तुळशीच्या कुळातलं हाय म्हणती."

त्यांनी खरं तेच सांगितलं. पण योगिनीने त्यातलं शेवटचं वाक्य धरलं. तिने पिशवीतली हळदीकुंकवाची डबी काढली आणि वृंदावनाला दोन बोटं ओढली. मागची बाई आली, तिने योगिनीचं बघून ओढली. मी सहावी की सातवी होते. मला नाव ठाऊक होतं, पाकीट मीच वाचलं होतं. पण पुढच्या सहाजणींनी ओढल्यावर आपण वृंदावनाला वळसा घालून नुसतं आत जायचं, हे मला जमलं नाही. मीही ओढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी योगिनी तांब्या घेऊन आली.

"पाणी नको घालू गं, मरंल ते," गोजराबाई म्हणाल्या.

"मावशी, तुळशीला पाणी घातल्याने कुठे मरते का?"

"तुळस नाय म्हटलं ना."

"कुळातली आहे ना पण," योगिनी म्हणाली आणि पाणी घालून, नमस्कार करून, जाताना एक तुरा खुडून घेऊन गेली. तिच्या घरी बाळकृष्ण आहे. त्याला निळा रंग शोभतो, असं तिने जाता जाता सांगितलं.

तिसऱ्या दिवशी पाच जणी आल्या. शिवाय गल्लीतली रीत अशी की एकीने पाणी घातलं म्हणून दुसरीने घालायचं थांबायचं नसतं, ज्याचं त्याचं पुण्य वेगळं. चौदा घरं, चौदा तांबे. गोजराबाई सकाळी देवपूजेत असायच्या तेवढ्यात कार्यक्रम उरकलेला असायचा. त्यांनी बाबांना पहाऱ्यावर बसवलं.

"मी काय बोलू बायकांना?" बाबा म्हणाले.

"पाणी घालू नका म्हणा."

बाबा बसले. बायका आल्या, डोक्यावर पदर घेतला, तांबे ओतले आणि बाबांनाही वाकून नमस्कार केला. बाबांनी "सुखी राहा" म्हटलं. एवढंच त्यांना सुचलं.

मग बाबांनी एक पत्र्याचा तुकडा घेऊन त्यावर चुन्याने लिहिलं, "या झाडाला पाणी घालू नये", आणि वृंदावनाला टेकवून ठेवला. इतका कडक नेम असलेली तुळस गल्लीत कोणी पाहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत पलीकडच्या गल्लीत बातमी गेली. सकाळी तिकडच्या दोन बायका आल्या आणि त्यांनी बाबांना हळू आवाजात विचारलं की इथे पाणी चालत नाही म्हणजे दूध घालतात का.

बाबा म्हणाले, "विचारून सांगतो."

ते आत जाऊन विचारून येईपर्यंत दूध घालून झालं होतं.

मी स्वतः पाणी दोन दिवस घातलं, हे इथे लिहिते. सकाळी सूर्याला अर्घ्य देऊन मी फाटकाशी येते, हातातल्या तांब्यात थोडं उरलेलं असतं, आणि समोर वृंदावन दिसलं की हात आपोआप वळतो. तिसऱ्या दिवशी गोजराबाई कुंपणाशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मंजुषा, तू बी?" मी तांब्या खाली केला. त्या तशाच आत निघून गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आठव्या दिवशी पानं पिवळी पडली. दहाव्या दिवशी गोजराबाईंनी एक रोप हलवून बघितलं, ते मुळासकट वर आलं. मुळं काळी, चिकट, आंबूस वासाची. पाचही तशीच. तुरे तर आधीच चौदा देवघरांत विभागून गेले होते. त्यांनी पाचही रोपं उपटून खताच्या खड्ड्यात टाकली. माश्या दोन दिवस येऊन त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालून गेल्या. तिसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

आणि त्याच सकाळी वेलाची पहिली मादी फुलं उमलली, दोन. बाबा नर फूल घेऊन वर चढले, पण पानांच्या दाटीत त्यांना ती सापडेपर्यंत दुपार होऊन मिटलेली होती. चौथ्या दिवशी त्यांची फळं पिवळी पडून शेडच्या पत्र्यावरून खाली घरंगळली. गोजराबाईंनी ती उचलून तळहातावर घेतली, बघितली आणि म्हशीच्या पाटीत टाकावीत तशी बादलीत टाकली. वेलावर आणखी कळ्या होत्या, सहा-सात. त्यानंतर ऊन वाढलं की वेल नुसती नर फुलं देतो, हे त्यांनीच मला सांगितलं. म्हणजे हातात पंधरा दिवस होते.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसले असताना योगिनी आली. डोळे सुजलेले.

"मावशी, वृंदावनातली तुळस माझ्यामुळे गेली. पहिलं पाणी मी घातलं. घरात सासूबाई दोन दिवस धड बोलत नाहीयेत."

"ती तुळस नव्हती," गोजराबाई म्हणाल्या. असं म्हणायची त्यांची ही आठवी-दहावी वेळ असावी.

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"मला कशाला तुला बरं वाटवायचंय? माझं डांगर चाललंय."

मग त्यांनी तिला सगळं पहिल्यापासून सांगितलं. आई, ओटी, पाच बिया, माश्या. योगिनीने शांतपणे ऐकलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ते सगळं खरं. पण प्रायश्चित्त काय घेऊ?"

गोजराबाईंची नजर गल्लीकडे गेली. आमच्या गल्लीत प्रत्येक दाराशी तुळस आहे. आणि प्रत्येक दारची बाई रोज सकाळी मंजिऱ्या खुडते. काही देवाला वाहायच्या, बाकीच्या नुसत्याच काढायच्या, कारण मंजिरी वाळेपर्यंत ठेवली तर तुळशीच्या डोक्याला भार होतो असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. शिवाय खुडली की तुळस भरते, हेही खरंच आहे. चौदा तुळशी, आणि फुललेली एकही नाही.

"माझ्याकडं तुळस हाय ना, तिच्यावर माशी कधी बसलेली बघितली का तुम्ही?" त्यांनी बाबांना विचारलं.

"बसंल कशी? तू खुडती की रोज."

हे गोजराबाईंच्याही लक्षात इतक्या वर्षांत आलं नव्हतं. हिसॉपचं पाकीट टपालाने आलं होतं आणि त्याच कुळातली चौदा झाडं गल्लीत उभी होती, आणि पंधरावं त्यांच्याच दारात.

"योगिनी," त्या म्हणाल्या, "प्रायश्चित्त घ्यायचंच असंल तर असं कर. पंधरा दिवस तुळशीची मंजिरी खुडू नको. आन् जिनं जिनं तांब्या ओतला तिला सांग."

"भार होईल ना पण तुळशीला."

"पंधरा दिवस वागवंल ती."

मी मुद्दाम लक्ष देऊन ऐकत होते. तुळस कोपली आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. देवाला असं हवंय, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांना काय पाहिजे तेवढंच त्यांनी सांगितलं. योगिनीने ते कुठल्या पुडीत बांधून घरोघर नेलं, ते मला माहीत नाही. पण रात्रीच्या आत सगळीकडे पोचलं, आणि पलीकडच्या गल्लीतल्या त्या दूधवाल्या दोघींनीही धरलं.

मला ते पंधरा दिवस सोपे गेले नाहीत. माझी आई मंजिरी वाहिल्याशिवाय नैवेद्य दाखवत नसे, मीही नाही. पहिल्या सकाळी मी तुळशीपाशी गेले, मंजिरीला हात लावला आणि काढून घेतला. देवाला नुसतं पान वाहिलं आणि म्हटलं, सध्या एवढंच आहे, कारण तुम्हाला ठाऊक आहे. देव काही बोलला नाही. आजवर कधीच बोललेला नाही, त्यामुळे त्यावरून काही ठरवता आलं नाही.

चार-पाच दिवसांत चौदाही तुळशी तुऱ्यांनी भरल्या. तुळशीचं फूल इतकं बारीक असतं की मी ते पन्नास वर्षांत नीट बघितलेलं नव्हतं. जांभळट, पांढुरकं, जवळून बघितलं तर त्याला ओठ असतात. सहाव्या दिवशी माश्या आल्या. आधी माझ्या दारात, मग योगिनीच्या. योगिनीच्या सासूबाई ओठ सुजण्याच्या भीतीने दोन दिवस मागच्या दाराने ये-जा करत होत्या, पण मंजिरीला कुणाला हात लावू दिला नाही.

माश्या येऊ लागल्यावर वेलावर आणखी तीन मादी फुलं उमलली. गोजराबाई रोज सकाळी शिडीच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या आणि बाबांना वर पाठवायच्या. फळ धरलं की तीन-चार दिवसांत त्याच्या सालीवर चकाकी येते आणि देठ खाली वाकतो. गळणार असेल तर साल मळकट होते.

"चमकतंय का?"

"कोणतं?"

"तीन हायेत. तिन्ही बघा."

"एक पिवळं हाय. एक हिरवं हाय. एक पानाखाली हाय."

"पान उचला ना मग."

"पान उचललं तर तोल जातो."

पाचव्या दिवशी त्यांनी बाबांना उतरवलं. मला म्हणाल्या, "मंजुषा, शिडी धर." मी म्हटलं, मावशी, गुडघे. त्या म्हणाल्या, "गुडघे काय, खाली आल्यावर बी दुखणारच हायेत." साडीचा ओचा खोचला आणि एकेक पायरी दोन पाय टेकवत वर गेल्या. बाबा एका बाजूने आणि मी एका बाजूने शिडी धरून होतो. मी रामरक्षा म्हणायला सुरुवात केली. संपली तरी त्या वरच होत्या, म्हणून पुन्हा पहिल्यापासून म्हटली.

वरून पान सरकल्याची खसखस फक्त ऐकू आली. मग त्या तशाच एकेक पायरी उतरल्या, हात झटकले, ओचा सोडला.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या.

बाबांनी शिडी सोडली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात चहा आपणहून टाकते म्हणण्याचा अर्थ काय, ते त्यांना माहीत होतं. धरलं होतं, एकच. पानाखालचं.

पंधरा दिवस संपले, बायकांनी पुन्हा मंजिऱ्या खुडायला सुरुवात केली. मी मात्र एक दिवसाआड खुडते. त्याला काही शास्त्राधार नाही, मला तसं जमतं एवढंच.

डांगर शेडवर वाढत राहिलं. बाबांनी त्याच्याखाली जुनं गोणपाट दुमडून ठेवलं, पत्रा तापतो म्हणून. ज्येष्ठात देठ वाळला तेव्हा राजने सुट्टीच्या दिवशी येऊन ते उतरवलं. चपटं, खोलगट रेघांचं, राखाडी हिरवं. वजन कोणी केलं नाही. आठवडाभर ते खोलीत सावलीला ठेवलं. गल्लीतल्या बायका येऊन बघून जायच्या. योगिनीने त्यालाही हळदीकुंकू लावलं. यावेळी गोजराबाईंनी लावू दिलं, डांगराला त्याने काही होत नाही.

फोडायचा दिवस आला. अख्ख्या डांगराला पहिली सुरी बाईने लावायची नसते, आमच्याकडे सगळीकडेच तशी रीत आहे. पुरुषाने पहिली चीर द्यायची, मग बाईने पुढचं करायचं. गोजराबाईंनी विळी नाही, मोठा सुरा बाबांच्या हातात दिला.

"हळू. वरच्यावर. बी कापू नका आतली."

"किती वर?"

"दोन बोटं."

बाबांनी सुरा टेकवला, दोन बोटं आत घातला, काढला आणि परत दिला. या सगळ्या प्रकरणात बाबांनी केलेलं हे पहिलं काम होतं जे पहिल्या फटक्यात बरोबर झालं, आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं. गोजराबाईंनी पुढचं केलं. दोन फाकी उघडल्या. आत केशरी गर आणि मधोमध बियांचा गुंता.

त्यांनी एकेक बी काढून अंगठ्याने दाबून बघितली. पोकळ असेल तर ती दबते. पहिली दबली. दुसरीही दबली. तिसरी दाबली तेव्हा त्यांचा अंगठा थांबला. ती त्यांनी बाजूला, पितळी ताटलीत ठेवली. मग चौथी. दोघं, बाबा आणि मी, ताटलीकडे बघत बसलो होतो. अर्ध्याहून अधिक पोकळ निघाल्या. भरलेल्या दीडेकशे निघाल्या असतील. त्यांनी सगळ्या धुऊन सुपात पसरल्या आणि सूप पलंगाखाली सावलीला सरकवलं.

मग भाजी केली. हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, थोडा गूळ. मला आणि योगिनीला बोलावलं. आम्ही दोघींनी एवढ्या महिन्यांनी तो घास तोंडात घातला. योगिनीने माझ्याकडे बघितलं, मी ताटाकडे बघितलं. भाजी पाणचट होती. तंतूही जरा होते.

"कशी झालीय?" बाबांनी विचारलं.

"छान आहे," योगिनी म्हणाली.

"छान कसली," गोजराबाई म्हणाल्या. "डांगर असंच हाय ते. आईच्या घरी बी कोणी आवडीनं खात नव्हतं. कोपऱ्यात ठेवलं की वर्षभर टिकतं, दुसरी भाजी नसंल तेव्हा कामाला येतं. एवढंच."

"मग एवढी धडपड?" मी म्हटलं.

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक डाव भाजी वाढली. "गोड असतं तर कोणीबी ठेवलं असतं की," त्या म्हणाल्या आणि बाबांना भाकरी हवी का विचारायला वळल्या.

चार दिवसांनी बिया वाळल्या. त्यांनी त्या राखेत घोळल्या, निम्म्या आपल्या डब्यात ठेवल्या. बाकीच्यांच्या कागदात लहान लहान पुड्या बांधल्या आणि सकाळी गल्लीत घरोघर दिल्या. पाच-पाच बिया. योगिनीला देताना बजावलं, "पाणी बेतानं." मला देताना काही बजावलं नाही. माझी पुडी देवघराखालच्या कप्प्यात आहे. आषाढात लावीन. वेल चढवायला माझ्याकडे शेड नाही, गच्चीच्या कठड्यावर सोडावा लागेल, आणि खालच्या तुळशीला मंजिरी राखावी लागेल.